खडू न मारलेली जागा

स्क्रीनवर एकसष्ट आलं तेव्हा आईनं आधी चष्मा पुसला. पदरानं, दोन्ही काचा, सावकाश. मग तो नाकावर ठेवून तिनं परत बघितलं. एकसष्टच होतं.

"मशीनचंच काय तर बिघडलं असणार," शेजारच्या खुर्चीवरनं हसीनामावशी म्हणाली. "माझं बघ, अठ्ठावन्न! माझ्यापेक्षा तू हुशार गं पद्माक्का."

हसली ती एकटीच. बाकीच्या बायका आपापल्या स्क्रीनकडं असं बघत होत्या, जसं काही पोराच्या प्रगतिपुस्तकावर सही करायला बोलावलंय.

मी दाराशी उभी होते, पाठीवर दप्तर. शनिवारची सकाळची शाळा सुटली की मी तडक तिथं जायचे. नगरपालिकेच्या जुन्या वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर वीस कॉम्प्युटर मांडले होते आणि भिंतभर फ्लेक्स लावला होता: 'शासन आणि उद्योग, हातात हात! कृत्रिम बुद्धिमत्तेतून रोजगार!' फ्लेक्सवरची बाई हेडफोन लावून हसत होती. आमच्या चौदा जणींपैकी तसं कुणीच हसत नव्हतं.

ऋषभ सर आले. पुण्याच्या कंपनीनं पाठवलेले, स्वभावानं चांगले. रोज सगळ्यांना चहा पाजायचे. आईच्या खुर्चीमागं उभे राहून त्यांनी डोकं खाजवलं.

"ताई, खरं सांगू? मला कळतच नाहीये. तुम्ही सतरा वर्षं कापड तपासताय. त्या नव्या मुलींतल्या सायलीनं कापडाचा ताका आयुष्यात पहिल्यांदा गेल्या महिन्यात बघितला. तिला एक्याण्णव. आणि तुम्हा चौदा जणींत एकीलाही सत्तर नाहीत. डोळे एकदा तपासून घ्या ना."

"घेतलेत. हा चष्मा नवाच आहे," आई म्हणाली.

"मग लक्ष कुठंय?"

आईनं माउस सरळ करून ठेवला. मला मात्र दारातून ओरडावंसं वाटलं. पुढच्या शुक्रवारी शेवटची परीक्षा होती आणि पास व्हायला ऐंशी लागत होते.

आमचं गाव मागांचं. आई एका कारखान्यात मेंडिंगला होती. मागावरून उतरलेलं कापड मेंडिंगच्या टेबलावर येतं. तिरकं काचेचं टेबल, खाली ट्यूबलाइट. बाई कापड ओढत जाते आणि कुठं तार तुटलीय, कुठं गाठ आहे, कुठं जाळी पडलीय ते बघून सुई-चिमट्यानं दुरुस्त करते. आता मालकानं कॅमेऱ्याचं मशीन घेतलं होतं. कापड त्याच्याखालून सरकलं की ते आपलं आपण दोष शोधणार. मशीनला शासनाची मदत होती आणि मदतीला अट होती: जुन्या कामगारांना कंपनीनं प्रशिक्षण द्यायचं. कापडाचे फोटो येणार, त्यात दोष दिसेल तिथं माउसनं चौकट काढायची. मशीन त्या चौकटींवरून शिकतं. पुढं मशीनशेजारी बसून त्याच्या चुका काढायला माणसं लागणार होती. किती? चार! चौदांतल्या चार. जुन्यांना आधी संधी, पण ऐंशी पडले तरच, नाहीतर त्या खुर्च्या सायलीसारख्या नव्या मुलींना. आणि एक तारखेला मेंडिंग खातं बंद.

"नाही जमलं तर निपाणीला जाऊ. मामाकडं," आई मला एकदाच म्हणाली होती. परत कधी बोलली नाही, पण त्या दिवसापासून तिचं जेवण तुटलं. मामा चांगलाच आहे. मामी ताटावर चपाती धरून विचारते, "आणि पाहिजे काय?" त्या 'काय'ला आई घाबरायची. पप्पा मी सहावीत असताना गेले, तेव्हा आम्ही दोन महिने तिकडं राहिलो होतो. तो 'काय' मीही खाल्ला होता.

हे मी नववीत होते तेव्हाचं. त्या वर्षी मला नुकतंच बोलता यायला लागलं होतं! म्हणजे, आठवीपर्यंत मी वर्गात हजेरीलासुद्धा कुजबुजायचे. मग वक्तृत्व स्पर्धेत बाईंनी जबरदस्तीनं उभं केलं आणि मी तालुक्याची ढाल घेऊन घरी आले. त्यानंतर मी थांबायचं नाव घेईना. जगातल्या कुठल्याही प्रश्नाला मी साडेचार मिनिटांत उत्तर देऊ शकते, असं मला प्रामाणिकपणे वाटत होतं. आईचा प्रश्न तर काय, माउसचा प्रश्न!

सोमवारी मी आमच्या कॉम्प्युटरच्या चौगुले सरांना गाठलं.

"सर, सकाळी लॅबची किल्ली पाहिजे. आईला सराव द्यायचाय."

"कुणाच्या आईला?"

"माझ्याच. दुसऱ्याच्या आईला कशाला देऊ?"

सर हसले. "सात ते साडेआठ. पंखा लावायचा नाही आणि खुर्च्या जागच्या जागी."

आईनं कारखान्यातून वाया गेलेले कापडाचे तुकडे आणले. मी मोबाइलवर त्यांचे फोटो काढले आणि लॅबमध्ये उघडून दिले. आई मुलांच्या बुटक्या स्टुलावर बसली. माउस तिला एका दिवसात आला. चिमटा धरणारा हात तो, कापेल कसा? पण चौकटी!

"ही बघ, इथं तार तुटलीय. दिसतीय?"

"दिसतीय की."

"मग काढ चौकट."

"ही व्हय..." तिनं बाण त्या जागेवर नेला आणि थांबली. "ही जातीय गं."

"जातीय कुठं? फोटो आहे आई तो! फोटोतनं काय जातंय?"

"तसं नव्हं, अक्षे. आमच्यात कसं असतंय..."

"तसं नव्हं आणि असं नव्हं. शुक्रवार आलाय. पुढचा फोटो घे!"

वक्तृत्वात मला शिकवलं होतं, मध्ये जागा सोडायची नाही, सोडली की समोरचा बोलतो. मी कुठंच जागा सोडत नव्हते.

मंगळवारी संध्याकाळी आई कणीक मळायला बसली आणि बराच वेळ आवाज येईना म्हणून मी बघितलं. परातीत सांडलेल्या पिठावर ती बोटानं चौकटी काढत होती. एक काढायची, पुसायची, परत काढायची. मी दिसल्यावर तिनं पीठ घाईनं गोळा केलं.

बुधवारी मी एक तुकडा निवडला. त्यात मला, मला म्हणजे जिनं कधी सुईत दोरा ओवला नाही तिला, अकरा दोष दिसत होते. आईनं दोन चौकटी काढल्या आणि हात मांडीवर ठेवले.

"झालं?"

"झालं."

"आई, नीट बघ."

"बघितलं."

"नऊ राहिलेत! नऊ! परवा परीक्षा आहे, आणि तुला नऊ दिसत नाहीत? सतरा वर्षं त्या टेबलावर बसून तू केलंस काय मग? झोपा काढल्यास?"

चौगुले सर दारापर्यंत आलेले, ते खाकरून मागच्या मागं वळले. आईनं कॉम्प्युटर बंद केला, त्यावर कापडी खोळ घातली. खोळीचा कोपरा उसवला होता, तो तिनं अंगठ्यानं दाबून आत मुडपला.

"चल," ती म्हणाली. "प्रार्थनेची घंटा व्हायला आली."

त्या दिवशी ती चष्मा लॅबमध्येच विसरून गेली. चौगुले सरांनी तो गुरुवारी मला मधल्या सुट्टीत दिला. चष्म्याशिवाय ती काम कशी करत असेल? मी सायकल काढली आणि कारखान्यात गेले.

आत मागांचा खडखडाट एवढा, की आपणच आपल्याला ऐकू येत नाही. कोपऱ्यातल्या काचेच्या केबिनमध्ये दिवाणजी चष्मा कपाळावर चढवून वही तपासत होता. पलीकडं मेंडिंगची सात टेबलं. आई आणि हसीनामावशी एकाच टेबलावर समोरासमोर. आई मला पाठमोरी होती. मी हाक मारणार होते, पण तिचे हात बघितले आणि तशीच उभी राहिले.

ती कापड बघत नव्हतीच. तळव्याखालून ते सरकत होतं, आणि मध्येच तळवा थांबायचा. चिमटा आत जायचा, गाठ वर यायची, कात्रीचं टोक लागायचं, नखानं जागा घासली जायची. पुढं. सुई निघायची, तुटलेल्या तारेच्या जागी दुसरी तार वर-खाली, वर-खाली जाऊन बसायची. पुढं. मी मोजायला लागले. एक, दोन, तीन... मी डोळे फाडून बघायचे, तर झालेली जागा मला सापडायची नाही. सात झाले. मग एका ठिकाणी तिनं कापड उजेडावर ताणून धरलं, मान हलवली, कानामागून लाल खडू काढला आणि एक फुली मारली.

मी पुढं जाऊन तिच्या कानाशी ओरडले, "सात काढलेस आणि फुली एकच मारलीस!"

आई दचकली. "तू काय करालीस हितं? शाळा?"

"फुली एकच का?"

"बाकीचे हातनं गेले की. ही चीर आहे. चीर जात न्हाई, म्हणून तिला फुली."

"आणि जे गेले, त्यांना खडू का नाही?"

आई माझ्याकडं बघत राहिली, मी येडी आहे का म्हणून. मग केबिनकडं नजर टाकून तिनं मला जवळ ओढलं. "फुल्या मोजतात, अक्षे. एकाच मागाच्या कापडावर फुल्या वाढल्या की दिवाणजी त्या माणसाला मागावरनं उतरवतो. जे आपल्या हातनं जातंय त्याला खडू मारायचा नसतो. मी आले त्या पहिल्या दिवशी सगळीकडं मारत सुटले होते. शेवंता म्हातारी होती आमची, तिनं चिमट्यानं बोटं फोडली माझी. म्हणाली, खडू सोपा हाय गं बाई, सुई अवघड. आधी सुई."

माझ्या डोक्यात ट्यूबलाइट पेटली. खरंच पेटली, फडफड करून!

"आई, ऋषभ सरांनी पहिल्या दिवशी चौकट कशी समजावली होती?"

"कशी म्हणजे? म्हणाले, अवघड काय नाही ताई, ही चौकट म्हणजे तुमचा खडूच समजा."

मी उडीच मारली. मागांच्या आवाजात कुणाला कळलं नाही. चौदा जणींनी एवढे दिवस एकही दोष सोडला नव्हता. त्यांनी सगळे बघितले होते, मनातल्या मनात भरून काढले होते आणि उरलेल्यांनाच चौकट काढली होती! मशीन मात्र त्यांना नापास करत होतं, आणि का ते कुणाला कळत नव्हतं, कारण परीक्षेत कुठं चुकलं ते दाखवत नव्हते, नुसता आकडा यायचा.

मी आईला हाताला धरून ताक्यांच्या थप्पीमागं नेलं. "ऐक. फोटोतलं काहीच जात नाही. तिथं सुई नाही. तिथं कुणाला उतरवत नाहीत. दिसेल त्या सगळ्याला चौकट काढायची. बारीक गाठ असली तरी."

आईला कळायला थोडा वेळ लागला. मग तिचा चेहरा असा उजळला, की मला बुधवारचं सगळं माफ झाल्यासारखं वाटलं.

"अगं बाई! म्हणून एकसष्ट! थांब, हसीनाला सांगते..."

"नाही!"

ती थांबली.

"आई, चार जागा आहेत. चौदा जणी आहेत. हे फक्त तुला माहीत आहे. उद्या दुपारपर्यंत गप्प बस. एवढंच. मग सांग सगळ्यांना."

मागांमुळं मला हे ओरडून सांगावं लागलं. असलं वाक्य ओरडून सांगताना कसं वाटतं ते मला त्या दिवशी कळलं, आणि तरी मी ते पूर्ण केलं. टेबलावरनं हसीनामावशी चिमटा हलवून मला विचारत होती, जेवलीस का? मी मान हलवली, हो.

मी आईच्या हातात चष्मा दिला. तिनं तो घातला. मी ते होकार म्हणून धरलं.

शुक्रवारी मी शाळा बुडवली. अकराला परीक्षा, चाळीस मिनिटं, चाळीस फोटो. जिल्ह्याच्या ऑफिसातून देशमाने मॅडम आल्या होत्या. त्यांच्या गाडीच्या ड्रायव्हरनं सर्टिफिकेटांचा गठ्ठा आणि पेढ्यांचे बॉक्स वर आणून ठेवले होते. मला दाराबाहेर उभं राहायला मिळालं. बायकांनी ठेवणीतल्या साड्या नेसल्या होत्या. हसीनामावशीच्या हातात तसबीची माळ होती, ती तिनं माउसशेजारी ठेवली.

"ऑल द बेस्ट ताई लोक," ऋषभ सर म्हणाले. "सुरू!"

चौदा स्क्रीनवर चौदा घड्याळं पळायला लागली. एकोणचाळीस एकोणसाठ. एकोणचाळीस अठ्ठावन्न.

आणि आई उभी राहिली.

"सर, एक विचारायचं होतं."

"ताई, वेळ सुरू झालाय!"

"व्हय. जे सुईनं भरून निघतंय, त्याला पण चौकट काढायची काय?"

मी दाराची चौकट धरली. तिनं नजर माझ्याकडं वळवलीच नाही.

"म्हणजे?" ऋषभ सर म्हणाले.

"म्हणजे गाठ, तुटकी तार, बारीक जाळी. हे आम्ही हातानं काढतो, त्याला खडू मारत न्हाई. तुम्ही म्हटला चौकट म्हणजे खडू. तर आम्ही कुणीच त्याला चौकट काढलेली न्हाई अजून." मग ती सरांकडं पाठ करून बायकांकडं वळली आणि मेंडिंगच्या टेबलावरनं बोलतात तशी खड्या आवाजात म्हणाली, "काय गं, काढलीय का कुणी?"

तेरा माना हलल्या. नाही.

ऋषभ सर टेबलाच्या कडेवर बसलेच. "म्हणजे एवढे दिवस... ते सगळं दिसत होतं तुम्हाला?"

"दिसत होतं की!" हसीनामावशी ताडकन म्हणाली. "आंधळ्या हाय काय आम्ही? तुम्हीच खडू म्हटला. आता खडू म्हटल्यावर कोण मारंल उगंच कुणाच्या पोटावर?"

"सगळ्याला काढा!" सर ओरडले. "दिसेल त्या सगळ्याला!"

"घड्याळ थांबवता येईल का?" देशमाने मॅडमनी विचारलं.

"नाही मॅडम. पुण्याहून चालतं ते."

सगळ्या वाकल्या. टिकटिक टिकटिक, पत्र्यावर गारा पडाव्यात तशी माउसची बटणं वाजायला लागली. आई बसणार, तोवर हसीनामावशीनं तिचा पदर धरला. "पद्माक्का, हात उचलंना गं माझा. ही एवढीशी गाठ, हिला पण?"

आई तिच्या स्क्रीनवर वाकली. "हिला पण. हिला. आन् ह्या जाळीला. सगळ्याला. मनाला लावून घेऊ नको, फोटो हाय नुसता. हां, अशी. काढ. काढ की!"

मी घड्याळ बघत होते. आईच्या रिकाम्या खुर्चीसमोर ते पळत होतं. तेहेतीस मिनिटं उरली तेव्हा ती बसली.

परीक्षा संपली आणि सगळ्यांना जिन्यात थांबायला सांगितलं. बायका खिदळत होत्या, एकमेकींना चापट्या मारत होत्या. आई खालच्या पायरीवर बसली होती. मी तिच्याशेजारी बसले, पण हातभर अंतर ठेवून.

"किती फोटो राहिले?"

"चार."

"मी तुला काय सांगितलं होतं?"

आईनं चष्मा काढला, पुसला नाही, नुसता हातात धरला. "मला कावीळ झालेली आठवतीय तुला? तू पाचवीत होतीस. महिनाभर मी घरात. तुझे पप्पा मागावर जायचे, पण छाती भरलेली. तार तुटली की पळत जाऊन माग थांबवायला दम पुरायचा न्हाई. कापड नुसतं जाळी-जाळी. महिनाभर हसीनानं ते आपल्या टेबलावर घेतलं. आपलं काम करून त्याचं. महिन्यात एक फुली न्हाई, अक्षे. एक न्हाई." तिनं चष्म्याची काडी मिटली. "शेवटपर्यंत माणूस मागावर उभा होता तुझा बाप. उतरवला न्हाई कुणी."

मला हे माहीत नव्हतं. मला काहीतरी बोलायचं होतं आणि एकदम, किती महिन्यांनी, काही सुचेना.

वर हाक आली. आम्ही आत गेलो. देशमाने मॅडमनी कागद हातात घेतला. त्यांचा चेहरा आनंदानं फुलला होता.

"सांगायला खूप आनंद होतोय. जुन्या कामगार भगिनी, चौदापैकी चौदा उत्तीर्ण! जिल्ह्यात असा निकाल कुठंच नाही."

टाळ्या वाजल्या. फ्लेक्ससमोर ऋषभ सर मोबाइल घेऊन फोटोच्या तयारीत उभे राहिले.

"आता मशीनवरच्या चार जागा, गुणांनुसार." मॅडम वाचायला लागल्या. पहिल्या तिघींची नावं माझ्या कानात शिरलीच नाहीत. "चार. हसीना मुल्ला, नव्वद."

मावशीनं तोंडावर हात ठेवला.

"आणि पाचव्या, अगदी थोडक्यात राहिल्या, पद्मावती हावळ, अठ्ठ्याऐंशी. पण सर्टिफिकेट सगळ्यांना आहे हं!"

दोन गुण. फक्त दोन! त्या चार फोटोंतला एक झाला असता तरी.

"मी तुला सांगितलं होतं!" माझा आवाज फुटला, ढाल मिळवणारा तोच आवाज, सगळ्या हॉलभर. "काल सांगितलं होतं ना तुला मी? सांगितलं होतं ना?"

टाळ्या थांबल्या. तेरा जणींनी माझ्याकडं बघितलं. ऋषभ सरांनी मोबाइल खाली केला. हसीनामावशी ओल्या डोळ्यांनी पुढं आली.

"काय सांगितलं होतंस, अक्षू?" तिनं विचारलं. मग हळूहळू तिच्या कपाळावर आठी पडली. "कालच? म्हणजे तुला कालच ठाऊक होतं?"

माझे कान तापले. काल चिमटा हलवून 'जेवलीस का' विचारणारी मावशी माझ्यापासून एका हातावर उभी होती.

"अगं, तिनंच तर शोधलं ते," आई म्हणाली.

तिचा आवाज अगदी साधा होता. भाजी निवडताना बोलावं तसा. "काल चष्मा द्यायला आलेली न्हाई का? आपले हात बघून तिलाच कळलं. मला म्हणाली, आई, सगळ्यांना सांग. एकीलाबी सोडू नको. मीच येडी. रात्रभर विसरले, आज ऐनवेळी आठवलं. आधी सांगितलं असतं तर वेळ गेला असता काय माझा? म्हणून चिडलीय पोरगी. बरोबर हाय तिचं."

"या अल्ला! अक्षू!" हसीनामावशीनं मला छातीशी धरलं आणि माझ्या डोक्यावरून बोटं उतरवून कानशिलावर कडाकडा मोडली. मग सगळ्याच आल्या. कुणी गाल ओढला, कुणी पेढा तोंडात कोंबला. "आमच्या पद्माक्काची पोरगी! हिनं तारलं गं आम्हाला!" देशमाने मॅडमनी मलाही फोटोत उभं केलं.

मावशी मध्येच वळली. "पद्माक्का, तू जा मशीनवर. माझी जागा घे. मी सांगते मॅडमला."

"गप गं," आई म्हणाली. "तिथं एक तरी तोंड वाजवणारी पाहिजे. मशीन काय बोलंना झालं तर तू बोल."

मी पेढा गिळायचा प्रयत्न करत होते. बायकांच्या गर्दीतून मला आई दिसत होती. ती माझ्याकडं बघत नव्हती. पदराचं टोक तिच्या हातात होतं, आणि अंगठ्याच्या नखानं ती त्यावरची एक जागा घासत होती, अगदी बारीक, पुन्हा पुन्हा, जिथं मला तरी काहीच दिसत नव्हतं.

एक तारखेला आम्ही निपाणीला आलो.

आता मी बारावीला आहे. आई एका टेलरच्या दुकानात रफूचं काम करते, आणि ते सर्टिफिकेट प्लॅस्टिकच्या पिशवीत गादीखाली आहे. हसीनामावशीचा दर ईदला फोन येतो. मशीनचं सांगते, चुगलखोर हाय मेलं, एक दोष सोडत न्हाई म्हणते, दिवाणजीला सगळं थेट दिसतं म्हणते. दोघा विणकरांना उतरवलं ह्या वर्षी. मग शेवटी न चुकता म्हणते, "पण माझं घर चाललंय ते तुझ्यामुळं हां अक्षू. तू सांगितलंस म्हणून."

आई शेजारी सुईत दोरा ओवत असते. मान वर करत नाही.

"हो मावशी," मी म्हणते.